ठेसनावरचा कापूस

रोहिणखेडात एक बातमी अशी पसरली होती की, जनकाबाईच्या अंगात दर शनिवारी दिवेलागणीला जपानी बाई येते.

बातमी आणली तानाबाईनं. ती शेजारधर्मानं विरजण मागायला गेली, दाराशी थबकली, आणि जे पाहिलं ते पदरात बांधून विरजण न घेताच परत फिरली. तिचं सांगणं असं होतं:

"घरात लाईट नाही. जनका बाजेवर मांडी घालून बसेल होती. तोंडावर असा निया निया उजेड, नीळ घातल्यावानी, कुठून येऊन राह्यला काही पत्ता नाही. डोलून राह्यली बाई, अन् मधातच म्हनते कशी, 'ओकाएरी!' मी म्हनलं, माय वो! हे वारं आपल्या इकडचं नाही. आपल्या इकडलं वारं आलं तं बाई घुमते, केस सोडते, लिंबू मांगते. हे तं हासून राह्यलं होतं!"

यातलं "माय वो" तानाबाई ज्या सुरात म्हणते, तो कागदावर उतरत नाही. आधी श्वास आत ओढायचा, मग 'मा' विहिरीत पोहरा सोडल्यासारखा खाली सोडायचा, आणि 'वो' पोहरा पाण्याला लागल्यासारखा. ते असो. बातमी तिथून पिठाच्या गिरणीवर गेली, गिरणीवरून मोताळ्याच्या बाजाराला गेली, आणि बाजारातल्या बांगडीवालीनं तिला शेवटची झालर लावली: ती जपानी बाई लिंबू-नारळ काही घेत नाही, बिनदुधाचा चहा मागते.

खरं सांगायचं तर जनकाबाईच्या अंगात कोणी येत नव्हतं. शनिवारी नवा भाग येत होता.

जनकाबाईची नात अर्पिता मोताळ्याच्या कॉलेजात अकरावीला आहे, आणि तिला ॲनिमेचं वेड आहे. ॲनिमे म्हणजे जपानात काढलेल्या चित्रांच्या मालिका. पोरांसोरांचं कार्टून म्हटलं की अर्पिता दोन दिवस बोलत नाही. नव्या मालिका नवरात्राच्या आसपास सुरू होतात, आठवड्याला एक भाग येतो, आणि वर्ष सरता सरता गोष्ट संपते. म्हणजे बरोबर कापसाच्या पहिल्या वेचणीला सुरू, आणि फरतडीला, म्हणजे शेवटच्या उरल्यासुरल्या वेचणीला, खतम. जनकाबाईला हा हिशेब पहिल्याच वर्षी पटला. "शहाने लोक दिसतात," ती म्हणाली होती, "वावराच्या टायमानं चालतात."

सुरुवातीला अर्पिता पडद्यावरची इंग्रजी अक्षरं मराठीत वाचून दाखवायची. एक-दोन भाग आजीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वाचू नको व बाई. तू वाचाले लागली का मले दिसत नाही."

दिसायचं म्हणजे तरी काय? जनकाबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. तिच्या डोळ्यांना कडा दिसत नसत, रेषा दिसत नसत. माणसाचं तोंड म्हणजे एक गव्हाळ ठिपका, चाललेलं माणूस म्हणजे हललेला उजेड. प्रत्येक दिव्याभोवती खळं पडायचं, आभाळात चंद्राला पडतं तसं. अर्पिताच्या मोबाइलवर, पितळी तांब्याला टेकवून उभ्या केलेल्या त्या वीतभर पडद्यावर, बाकीच्यांना मालिका दिसायची आणि जनकाबाईला नुसतं झिरपणारं तेज. निळं कुठं संपलं आणि हिरवं कुठं लागलं हे तिला कळत नसे, आणि त्याची तिला खंत नव्हती. जपानी बोलणं तिच्या कानांवरून पाण्यासारखं वाहायचं. कोण रुसलं, कोण खोटं बोलतंय, कोणाच्या घशात आवंढा आहे, एवढं तिला आवाजावरून बरोबर कळायचं. "भाषा काऊन लागते?" ती विचारायची. "बैल काय मराठी शिकून गेल्ता?"

यंदा जी मालिका सुरू झाली तिचं खरं नाव लांबलचक होतं. जनकाबाई तिला 'ठेसनवाली पोरगी' म्हणायची. डोंगराच्या कुशीत एक लहानसं रेल्वे स्टेशन. गाव सगळं उठून गेलेलं. एकटी एक पोरगी रोज सांजेला फलाटावरचे दिवे लावते, आणि न येणाऱ्या गाडीची वाट पाहते. बस, एवढंच. पहिल्या भागात ह्यापलीकडे काही घडलं नाही. अर्पिता जांभया देत होती. जनकाबाई मात्र पुढं सरकत सरकत बाजेच्या कडेला आली होती.

रेल्वेची वाट पाहणं आमच्या बुलढाणा जिल्ह्याला कोणी शिकवायची गरज नाही. खामगाव-जालना गाडी येणार, येणार, म्हणता म्हणता आजोबा गेले, पणजोबा त्याच्या आधी गेले. तेव्हा जनकाबाईला त्या पोरीचं दुःख भाषेवाचून कळलं तर नवल नव्हतं. पण तिचं लक्ष भलतीकडेच होतं.

"अर्पे," ती हळूच म्हणाली, "हे पांढरं काय उडून राह्यलं?"

त्या फलाटाभोवती झाडं होती आणि वाऱ्यानं त्यांच्यावरून काहीतरी सतत झडत होतं. दिव्यांच्या खळ्यांतून तरंगत, हळू हळू, खाली. पोरीच्या केसांवर, रुळांवर, रिकाम्या बाकड्यावर.

"कापूस हाय," जनकाबाईनं स्वतःच उत्तर दिलं. "माय माय माय. फुटून फुटून उडून चालला. अन् एक बाई वेचाले नाही."

"आजी, फुलं हायेत ते. चेरीची."

"असं?"

"हाव. गुलाबी असतात. तिकडे झाडाले येतात. पाहासाठी असतात."

जनकाबाईला हे पटेना. "मंग झाडाखाली बाया काऊन नाहीत? मोहाचं फूल पडलं तरी पहाटी पहाटी बाया टोपल्या घेऊन जातात. झाडावरची वस्तू निरी पाहासाठी राहते का कुठं? वेचासाठी राहते." आणि मग, सगळा गुंता सुटल्यासारखी, "म्हूनच तं पोरगी गाडीची वाट पाहून राह्यली! वेचनाऱ्या बाया येतीन म्हून. गाव कामाले गेलं सुरतेले, माल फुटून पडला, एकटी पोर काय करन? दिवे लावते बिचारी, का बायांले अंधारात ठेसन दिसलं पाह्यजे."

भिंतीपलीकडची छकुली, गावभर सगळ्यांच्या नकला करत हिंडणारी, म्हणजे मी, त्या वेळी तिथंच शेंगदाणे खात बसले होते. मला ठसका लागला. म्हटलं, "आजी, त्या ठेसनावर वेचणारी बाई उतरली तं माह्यं नाव बदलून टाका."

"नाव कायले बदलतं? नाव तुह्या बापानं ठेवलं." जनकाबाई माझ्या दिशेच्या ठिपक्याकडे वळली. "पैज लाव. बाया आल्या तं माह्या वावरात एक दिवस पात धराची. सकाऊनपासून सांजवरी वेचाचं, अन् तोंडातून एक शब्द नाही. कोनाची नक्कल नाही, कोनाचा आवाज नाही. मुकी."

"अन् नाही आल्या तं?"

"तं मी तुह्या म्होरं माह्यीच नक्कल करन."

पैज लागली. आणि इथपासून पुढं माझं काम ऐकण्याचं. गोष्ट जनकाबाईची आहे.

तानाबाईची ती बातमी पसरली पुढच्या दोन-तीन शनिवारांत, आणि त्यानंतरच्या रविवारी वेचणी होती. दव वाळलं, बायांनी कापूस टाकायला कमरेला ओट्या बांधल्या, एकेकीनं आपापली पात, म्हणजे झाडांची ओळ, धरली. अंगात येण्याच्या बातमीनंतर सगळ्या थोड्या अंतर राखून होत्या. तानाबाईची पात नेमकी जनकाबाईला लागून आली. ती दोन बोंडं वेचायची आणि एकदा तिरप्या नजरेनं बघायची.

"काय पाहून राह्यली वो, ताना?"

"काही नाही बाप्पा. म्हनलं, आज कोन हाय? तूच हायेस का थे?"

जनकाबाई इतकी हसली की तिच्या ओटीतला कापूस सांडला. आणि मग तिनं सांगायला घेतलं. हात बोंडांवर आणि नजर कुठंतरी दूर, जिथं नुसता उजेड आहे तिथं. डोंगर सांगितला, निळ्या काचेच्या ग्लासात धूर धरावा तसा. दिवे सांगितले, एकेका दिव्याला पडलेलं खळं सांगितलं. पोरगी सांगितली, पाय न वाजवता चालणारी. आणि फुटून पडलेला कापूस सांगितला. वेचायला कोणी नाही म्हणून वाऱ्यावर चाललेला, रुळांवर गालिचा अंथरलेला, अख्ख्या डोंगराला दही लागल्यासारखा.

बायांचे हात थांबले. हातांना काम असलं आणि गोष्ट चांगली असली की हात आपोआप चालतात, पण ही गोष्ट त्यांच्या कामाचीच होती, म्हणून थांबले.

"कोनी गेलंच नाही वेचाले?" एकीनं विचारलं.

"नाही."

"पोरीची माय कुठं हाय?"

"ठाव नाही अजून. पुढच्या शनवारी."

तानाबाईनं हातातला कापूस ओटीत टाकला. मग म्हणाली, "शनवारी येते का ते? मी म्हनलं काय न् काय." तिनं नाक पुसलं. "विरजन राह्यलंच होतं माह्यं. शनवारी येतो न्यायले."

त्यानंतर शनिवारी पाहायचं आणि रविवारी वावरात परीक्षण, असा पायंडाच पडला. होय, परीक्षणच. जनकाबाई नुसती गोष्ट सांगून सोडत नसे. भाग कसा होता ते आधी जाहीर करायची, आणि तिचं माप कापसाचं होतं. उत्तम भाग म्हणजे 'पहिल्या वेचणीचा': शुभ्र, टपोरा, बोंडातून अलगद निघणारा. बरा भाग म्हणजे 'दुसऱ्या वेचणीचा'. आणि ज्या भागात पोरगी नुसतीच जुने दिवस आठवत बसली आणि आधीच दाखवलेलं परत दाखवलं, त्या भागाला तिनं धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून निकाल दिला: "फरतड! निरी फरतड! झाडात जीव नाही, अन् उगंच ठेवलं वावरात उभं." अर्पिता हे सगळं इंटरनेटवरच्या तिच्या दोस्तमंडळींना लिहून कळवायची. कुठल्या कुठल्या शहरांतली पोरं आता एखादा भाग रटाळ निघाला की 'फरतड' म्हणतात. जनकाबाईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हनू दे. पन त्यायले ओटी बांधता येते का इचार."

गोष्ट पुढं सरकत होती, म्हणजे फारशी सरकत नव्हती. एका भागात धुकं आलं. त्याआधी, दुसऱ्याच भागात, पोरीनं रिकाम्या फलाटावर 'ओकाएरी' म्हणून पाहिलं, म्हणजे घरी आलेल्याला म्हणतात ते, 'आलीस का?' तिथल्या रिवाजाचं. जनकाबाईला तो शब्द इतका लागला की ती वावरातून आलेल्या हर्षलला, म्हणजे तिच्या लेकाला, दाराशीच म्हणायला लागली, "ओकाएरी, बापू." हर्षल बैलांकडे बघायचा आणि बैल हर्षलकडे.

वावरात गोष्ट वेगळ्याच वाटेनं वाढत होती. बायांनी त्या स्टेशनचा ताबा घेतला होता. एकीचं म्हणणं, पोरीनं दोन माणसं लावून निदान रुळांवरचा तरी झाडून घ्यावा. दुसरीचं म्हणणं, रुळांवरचा मातीत मळलेला घेतं कोण? तानाबाई काही सुचवत नसे. दर रविवारी ती एकच विचारायची, पात धरायच्याही आधी: "आलं का कोनी?"

"नाही वो."

"दिवे लावले?"

"लावले."

"लावते ना पोरगी. बस." आणि ती वेचायला लागायची. तानाबाईचा थोरला सुरतेला आहे. दिवाळीला येतो म्हणाला होता, दिवाळी होऊन गेली. त्याच्याबद्दल वावरात कोणी बोलत नसे.

आणि इकडं जनकाबाईच्या ओटीत पत्ती येऊ लागली होती. पत्ती म्हणजे बोंडाभोवतीचा वाळका पाला. कापसात आला की माल काळवंडतो. जन्मात जिच्या गाठोड्यात काडी सापडली नव्हती, तिच्या कापसातून हर्षल पसा-पसा पाला निवडून काढत होता, न बोलता. मग एक दिवस ती धुऱ्यानं चालत येताना विहिरीच्या काठाशी आली आणि तिथंच थांबली. तिला वाटलं, समोर सावली पडली आहे. एक पाऊल पुढं टाकलं असतं तर सावलीत गेली असती. तानाबाईनं मागून पदर धरून ओढली.

त्या सांजेला हर्षल बोलला.

"माय, बुलढान्याले शिबीर हाय डोयाचं. नाव देऊन आलो."

"आता नाही. फरतड झाल्यावर."

"फरतड झाल्यावर शिबीर नाही ना! डाक्टर म्हनते, पिकला मोतीबिंदू. दोन्ही पिकले. एक आता, दुसरा मंग."

"ठेसनवाली झाली का जातो मी. थोडक्यात राह्यली."

"माय!" हर्षलचा आवाज फाटला. "त्या ठेसनापायी विहिरीत जाशीन तू!"

रात्रीची भाकरी जनकाबाईनं नीट थापली, एकीकडून जळू दिली.

खरी भीती तिनं अर्पिताला सांगितली, दुसऱ्या दिवशी, न्हाणीच्या दगडावर बसून केस विंचरून घेताना. तोंड समोर नव्हतं म्हणून सांगता आली असेल.

"अर्पे, नवा डोया बसवला का समदं साफ दिसते म्हनतात."

"हाव. टकटकीत."

"मंग थे कापूस नसला तं?"

अर्पिताचा कंगवा थांबला.

"तू म्हनली होतीस ना, फुलं हायेत म्हून. मी आयकलं होतं व. कान ठीक हायेत माह्ये." जनकाबाई पाण्याच्या हौदाकडे बघत होती, जिथं तिला बहुतेक नुसता हलणारा चांदीचा तुकडा दिसत असेल. "मी एवढ्या बायांले कापूस सांगितला. ताना दर आइतवारी इचारते, आलं का कोनी. उद्या पाह्यलं अन् साध्या फुलाची झाडं निघाली, वेचाचं काही नाही, यायचं कोनी नाही, तं मी वावरात काय सांगू? का म्हातारी आंधळी होती, म्हून तुमाले येड्यात काढलं?"

"तं नको सांगू. कापूसच म्हन."

"दिसल्यावर?" जनकाबाईनं मान वळवली. "दिसल्यावर खोटं सांगता येत नाही व बाई. न दिसता सांगितलं थे अलग."

ती बुलढाण्याला गेली. पदर धरून ओढणाऱ्या तानाबाईचा शब्द तिला मोडवला नाही. तानाबाईनं एवढंच म्हटलं होतं, "जाय. मी दिवे पाहून ठेवतो." म्हणजे काय, ते तिलाही माहीत नसावं.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, उजव्या. हिरवी पट्टी, मग काळा चष्मा, थेंब टाकायचे, खाली वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, मोबाइल तर नावही काढायचं नाही. शेवटचा भाग त्या शनिवारी आला आणि तसाच राहिला. अर्पिताची तपश्चर्या बघण्यासारखी होती. तिचे शहरी दोस्त शेवट सांगून टाकतील म्हणून तिनं मोबाइल बंद करून गव्हाच्या कोठीत ठेवला. मलाही बंदी होती. वावरातल्या बायांनी तर सगळ्या गावालाच ताकीद दिली: शेवट कोणाला कळला असेल तर त्यानं तो गिळावा. गावात दुसरं कोणी ती मालिका पाहत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

मग एका सांजेला डॉक्टरांनी दिलेली मुदत संपली. कोठीतून मोबाइल निघाला, तांब्याला टेकला. जनकाबाई बाजेवर बसली, काळा चष्मा काढून पदरात ठेवला. आणि पडदा उजळला तशी ती मागं सरकली, कोणी तोंडावर पाणी मारल्यासारखी.

सगळ्याला कडा होत्या. डोंगराला कड होती. फलाटाच्या खांबाचा रंग उडालेला होता, आणि उडालेल्या रंगाचा एकेक पापुद्रा दिसत होता. दिव्यांभोवती काही नव्हतं. दिवे म्हणजे नुसते दिवे होते, टांगलेले. आणि पोरगी!

"बापा!" जनकाबाई म्हणाली. "एवढाले डोये? कपाळाले जागाच ठेवली नाही."

अर्पिता हसली, पण आजी हसत नव्हती. ती झडणाऱ्या गोष्टीकडे पाहत होती. ती पांढरी नव्हती. गुलाबी होती, फिकी, नखासारखी. आणि प्रत्येक पाकळी वेगळी, गिरकी घेत, स्वतःच्या मर्जीनं खाली येणारी.

"फुलंच हायेत," ती म्हणाली.

मग तिनं नवा डोळा हातानं झाकला. जुन्या डोळ्यात पुन्हा धूर भरला, दिव्यांना खळी आली, आणि सगळ्या डोंगरावर कापूस उडू लागला. ती हात काढायची, फुलं. हात ठेवायची, कापूस. फुलं. कापूस. एका डोळ्यात एक गाव आणि दुसऱ्या डोळ्यात दुसरं, आणि दोन्ही ठिकाणी तीच पोरगी दिवे लावत होती. जनकाबाईचा हात हळूहळू मांडीवर आला. दोन्ही डोळे उघडे ठेवून ती बघत राहिली. तेव्हा तिला काय दिसत होतं, कोणास ठाऊक. तिनं ते कधी नीट सांगितलं नाही. "दह्यात कुंकू पडल्यावानी," एवढंच एकदा म्हणाली.

शिटी वाजली.

पोरीनं मान वर केली. रूळ थरथरले, रुळांवरच्या पाकळ्या उडाल्या, आणि बोगद्यातून दोन दिवे आले. गाडी फलाटाला लागली. दारं उघडली. मी शेंगदाण्यांची मूठ तोंडाशी तशीच धरली होती.

पहिल्यांदा एक म्हातारी उतरली. डोक्याला पांढरं फडकं बांधलेलं. तिच्यामागं दुसरी. मग तरण्या, मग पोरीबाळी. आणि प्रत्येकीच्या कमरेला टोपली बांधलेली होती.

"अर्पे," जनकाबाईचा आवाज अगदी बारीक झाला होता. "वाच. आता वाच."

अर्पितानं वाचलं. "ते म्हातारी म्हनते... रस्ता खचला होता, म्हून वेळ झाला. आमाले वाटलं, बहर सरला असन. पोरगी म्हनते, नाही, मी दिवे लावत होती. मंग ते म्हनते, चला, हात चालवा, मिठात घालाची हायेत. फुलं मिठात मुरवतात तिकडे, आजी. वर्षभर ठेवतात."

पडद्यावर त्या बाया फांद्या वाकवत होत्या. बोंडासारखी गच्च भरलेली फुलं देठाशी नखानं तोडून कमरेच्या टोपलीत टाकत होत्या, दोन्ही हातांनी, झपझप, एकमेकींशी बोलत. आणि पोरगी फलाटाच्या टोकाशी उभी राहून प्रत्येकीला म्हणत होती, ओकाएरी. ओकाएरी.

जनकाबाईही म्हणाली. ह्या वेळी दाराशी तानाबाई विरजणाचं भांडं घेऊन उभी होती, आणि ती परत फिरली नाही.

"आत ये वो," जनकाबाई म्हणाली. "पन उद्या वावरात सांगतो. एकटीले नाही."

दुसऱ्या दिवशी तिला वावराच्या आत जायची मनाई होती, म्हणून हर्षलनं धुऱ्यावर निंबाखाली पोतं अंथरून दिलं. काळा चष्मा लावून ती पाटलिणीसारखी बसली. बाया पाती सोडून धुऱ्याजवळ आल्या. फरतडीचे दिवस, वेचायला फार उरलंही नव्हतं.

"आधी चुकलं थे आयका," जनकाबाई म्हणाली. "कापूस नव्हता. फुलं होती. गुलाबी. मले डोयानं दगा देल्ला."

एका बाईच्या ओटीतून कापसाची एक पाकळी वाऱ्यानं निघाली आणि पऱ्हाटीच्या झाडांवरून तरंगत गेली.

"अन् बरोबर होतं थे आता आयका," ती म्हणाली. "बाया आल्या."

जो गलका झाला तो रोहिणखेडापर्यंत गेला असेल. कोणी कपाळाला हात लावला, कोणी शेजारणीच्या पाठीत धपाटा घातला. "टोपल्या आनल्या होत्या?" "कमरेले बांधल्या होत्या?" "हाव, कमरेले!" तानाबाई मात्र होती तिथंच, गाठोड्यावर, खाली बसली.

"किती आल्या?"

"गाडीभर."

"वेळ काऊन झाला त्यायले?"

"रस्ता खचला होता वो. यायचंच होतं त्यायले. रस्ताच नव्हता."

तानाबाईनं मान हलवली, दोनदा, तीनदा. "रस्ता नसला तं मानूस काय करन," ती म्हणाली. आणि पदर झटकून उठली. "भाग कसा होता थे सांग."

"पहिल्या वेचनीचा," जनकाबाई म्हणाली.

मग काळा चष्मा सावकाश माझ्याकडे वळला. मी बांधाआड जाण्याच्या बेतात होते.

"छकुले. ओटी बांध."

मी बांधली. तानाबाईनं स्वतःच्या शेजारची पात दिली, मुद्दाम. सांजेपर्यंत त्या बायांनी मला जो छळ छळला, त्याला तोड नाही. "ए, गिरनीवाल्याची नक्कल कर ना व!" "तुह्या हेडमास्तरची कर!" तानाबाई तर दर दहा बोंडांनी माझ्या कानाशी येऊन श्वास आत ओढायची आणि "माय वो" म्हणायची, विहिरीत पोहरा सोडल्यासारखं, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायची. माझ्या घशात ते "माय वो" जिवंत मासळीसारखं उड्या मारत होतं. पण पैज म्हणजे पैज. मी ओठ दाबून वेचत राहिले.

ऊन उतरलं तेव्हा धुऱ्यावरून आवाज आला, मोठ्या खुशीतला:

"छकुले, पत्ती येऊन राह्यली तुह्या कापसात! दिसते आता मले."